वहिवाटीच्या हक्कासह एक अँबॅसिडर

माणसाला स्वतःची गाडी नसली तरी त्याचं निभतं. गाडीविषयी मत नसेल, तर मात्र चारचौघांत बसवत नाही. आमच्या केडगावात सन चौऱ्याण्णव साली चारचाक्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि मतं माणशी तीन. एक विकत घेण्याबद्दल, एक भाड्याने आणण्याबद्दल आणि एक शेजाऱ्याने काय करायला हवं होतं याबद्दल.

आमच्या ह्यांनी (शामकांत; हायस्कुलात मराठी शिकवतात) गाडीचं मनात आणलं, तेव्हा मी शनिदेवाला बोलले, की आपल्या गाडीतून सासूबाईंना घेऊन शिंगणापूरला येईन, तोवर चहा घेणार नाही. सासूबाईंचे गुडघे एसटीच्या पायरीला केव्हाच नकार देऊन बसले होते. उपासांची मला सवय आहे. वाटलं, चार दिवसांचा प्रश्न. मतं गोळा होण्याची पद्धत मला तेव्हा ठाऊक नव्हती.

पद्धत अशी. मत देणाऱ्याने संध्याकाळी यावं, "गाडी घेताय म्हणे" असं म्हणावं आणि थांबावं. मग चहा येतो. मग मत येतं. मत अर्धवट राहिल्यास दुसऱ्या दिवशी येऊन पुरं करावं. चहा मीच करत असे. (नुसत्या वासाने व्रत मोडतं का, हे मी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारलं. त्यांनी दोन कप विचार केला आणि मोडत नाही म्हणाले.)

शेजारचे भीमराजभाऊ खरेदीच्या बाजूचे. "गाडी म्हंजी घरातलं मानूस, वहिनी. मानूस कुनी भाड्यानं आनतं का?" कोपऱ्यावरचे वकील भाड्याच्या बाजूचे; बिघडली तर उतरून चालू लागावं, असं त्यांचं तत्त्वज्ञान. तिसरा पक्ष मुहूर्ताचा. शनिवारी नको, लोखंड घरात येतं. अमावास्येला नको. रविवारी तर नकोच, कारण त्या दिवशी सगळेच मत द्यायला मोकळे असतात. अशी पाच-सहा पावशेर चहापत्ती संपली आणि प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार झाला, म्हणजे गाडी आली नाही.

मग पुण्याहून धाकटे दीर वरदभाऊजी आले. पुण्यात आता गाडी विकतही घेत नाहीत, भाड्यानेही आणत नाहीत, 'लीज'वर घेतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्या जिल्ह्यात लीज म्हणजे भाडेपट्टा आणि भाडेपट्टा जमिनीचा असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण नवं ते घ्यावं. मिरजगावच्या कानिफनाथ नावाच्या गाडीवाल्यांची अँबॅसिडर वर्षभरासाठी ठरली. कागद कचेरीबाहेरच्या सहादेव लेखनिकांनी केला. त्यांनी हयातभर जमिनीचेच कागद लिहिले होते आणि एका वाहनासाठी नमुना बदलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे ती गाडी आम्हाला जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह मिळाली. चतुःसीमा अशा: पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस कडुनिंब, दक्षिणेस कानिफनाथांची म्हैस, उत्तरेस रस्ता. शेवटी, 'पूर्वापार वहिवाटीचे हक्क कायम राहतील.' ह्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि समाधानाने सही केली.

गाडी शुक्रवारी आली. मी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि रात्री कपबशी घासून वेगळी ठेवली.

शनिवारी उजाडता अंगणात गेले, तर गाडी भरलेली. मिरजगावची मंडळी दर शनिवारी कानिफनाथांच्या गाडीतून शिंगणापूरला जात. गाडी केडगावला गेल्याचं कळताच ती पहिल्या एसटीने गाडीच्या मागोमाग आली होती. पुढच्या सीटवर मधोमध चांगुणाबाई होत्या.

"बाई, आमची वहिवाट हाय," त्या म्हणाल्या. "कागदात लिवलंय म्हनं."

ह्यांनी कागद आणून वाचला. "लिहिलंय खरं," ते म्हणाले. वेलांट्या बरोबर असल्याने पुढे बोलता येईना.

अँबॅसिडरमध्ये कंपनीच्या मते पाच माणसं बसतात. मिरजगावच्या मते चौदा. सासूबाईंना खिडकीपाशी बसवल्यावर, ह्यांना आणि मला धरून, पंधरा झाली आणि एका माणसाला उतरण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. ज्याची वहिवाट नाही, त्याने उतरावं, हा कायदा. मी उतरले.

शिंगणापुरात घरांना दारं नसतात. आमच्या गाडीला ती केडगावातच नव्हती, म्हणजे होती पण मिटत नव्हती. ह्यांनी स्टिअरिंग धरलं. गिअर चांगुणाबाईंनी टाकले, कारण दांडा त्यांच्या हाताशी होता. डिकीतून पाय सोडून बसलेल्यांनी मला हात केला. मी एसटीने, उभ्याने गेले. दर्शन छान झालं.

घरी आल्यावर मी आधण ठेवलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"इंदू," त्या हळूच म्हणाल्या, "तू गाडीत कुठं होतीस गं?"

मी गॅस बंद केला.

आता नवस फिटला की नाही, यावर केडगावात तीन पक्ष आहेत. गाडी शिंगणापूरला गेली, सासूबाईही गेल्या, तेव्हा फिटला, असं भीमराजभाऊ म्हणतात. निम्मा फिटला, अर्धा कप घ्या, असं गुरुजी. गाडी 'आपली' मुळातच कुठे होती, असं वकील. पुढच्या शनिवारी बसून टाकावं म्हटलं, तर दर शनिवारी वहिवाट वाढतेच आहे. परवा मिरजगावच्या मंडळींचे पाहुणे आले होते. मतं रोज येतात आणि मी रोज आधण ठेवते.

वाचता वाचता तुमचंही काही मत झालं असेलच. संकोच करू नका, संध्याकाळी या. चहा कितीही लागला तरी घरात एक माणूस कमीच धरावा लागतो.