काटेरावांची मोजणी

एका जंगलात सगळं होतं, बाळांनो. ओढा होता, करवंदाच्या जाळ्या होत्या आणि ऐन वडाखाली जुगाराचा एक अड्डाही होता.

अड्डा घोरपडमावशीचा, खेळ एकवीसचा. तुम्ही तो खेळायचा नाही, पण माहीत असलेला बरा. मावशी पत्ते वाटते. आपण बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. मावशीपेक्षा जवळ गेलो तर जिंकलो, एकवीसच्या पुढे गेलो तर बुडालो. अड्ड्याचा नियम एकच: एकदा पुढे ठेवलेला माल मागे घ्यायचा नाही.

याच खेळात काटेराव साळिंदरांनी आपलं बीळ घालवलं होतं. चांगलं दोन तोंडांचं, हवेशीर बीळ. आता ते आणि त्यांची बायको शलाका करवंदीच्या जाळीत राहत. शलाकेचे दिवस भरत आले होते.

"अहो, बाळंतपण काय या जाळीत करू?"

"बीळ परत आणतो."

"कसं? घालवलंत तसंच?"

"नाही. आता शास्त्रशुद्ध," काटेराव म्हणाले.

त्या दिवसांत जंगलभर पत्ते मोजण्याचे क्लास निघाले होते. लहान पत्ते निघून गेले की गठ्ठ्यात मोठे उरतात, आणि मोठे उरले की खेळणाऱ्याची चलती, एवढं माकडांनाही कळलं होतं. पण मोजायचं कसं, यावरून मात्र तट पडले होते.

काटेराव आधी हत्तीसरांकडे गेले. त्यांच्या पद्धतीत दर पत्त्याला वेगळा आकडा. कुणाला दीड, कुणाला पाऊण. एक्के तर सोंडेवर वेगळे मोजायचे.

"एवढं लक्षात कसं ठेवायचं, सर?"

"विसरायचं नाही," हत्तीसर म्हणाले.

मग ते वटवाघूळसरांकडे गेले. तिथे सगळं उलटं टांगून शिकवत. काटेरावही टांगले गेले आणि पहिल्याच धड्यात निसटून खाली पडले. पुढच्या रांगेतले ससे अजून उभ्यानेच जेवतात.

परत येताना ओढ्यावर टिटवी भेटली.

"लहान पत्ता आला की एक वाढवायचा," ती म्हणाली. "मोठा आला की एक कमी. मधल्यांकडे बघायचं नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. बाजूला सरा, मला अंड्यांवर बसायचंय."

"फी किती?"

"कसली फी?"

काटेराव फार निराश झाले. पद्धत फुकट होती आणि वर कळलीही होती. म्हणजे नक्कीच काहीतरी चुकत होतं. ते पुन्हा हत्तीसरांकडे गेले, मग सशांची माफी मागायला गेले, आणि रोज जाळीत बसून दीड बरा की पाऊण, याचा विचार करू लागले.

"पोर काही तुमची पद्धत ठरायची वाट बघणार नाही," शलाका म्हणाली. "त्या टिटवीचं ऐका नि जा."

घरात उरलेले कंद घेऊन काटेराव अड्ड्यावर गेले. एका बाजूला मुंगूस, दुसऱ्या बाजूला माकड. काटेरावांनी चेहरा अगदी दगडासारखा ठेवला. लहान पत्ता, एक वाढला. आणखी लहान, आणखी एक. मधला, बघितलंच नाही. काय सुरेख चाललं होतं! पाठीला नुसती गार झुळूक लागत होती.

आकडा भरपूर चढला तसे त्यांनी निम्मे कंद पुढे ढकलले. त्याच क्षणी माकडाने केळ्यांचा घड पुढे ढकलला. मुंगसाने तर अंगावरची शाल काढून ठेवली.

मावशीने मान वर केली. काटेरावांच्या मागे कुठेतरी पाहिलं.

"पत्ते पिसते," ती म्हणाली.

नव्या गठ्ठ्याला आधीची मोजणी काय कामाची? सगळे हरले. पुढच्या वेळीही तेच झालं. कंद संपले.

"काटेराव," शाल गेलेलं मुंगूस म्हणालं, "आज पाठ फार बोलतेय तुमची."

काटेरावांनी मागे वळून पाहिलं. लहान पत्त्याला एक काटा उभा, मोठ्याला एक आडवा. सगळा हिशेब पाठीवर मांडलेला होता. चेहरा तेवढा दगडासारखा होता.

ते मान खाली घालून निघाले. आता जाळीतच पाळणा बांधायचा होता.

"उद्या येणार ना?" मावशीने हाक मारली.

"लावायला काही उरलं नाही, मावशी."

"लावू नका. नुसते माझ्या शेजारी बसा आणि मोजा. तुमचे काटे उभे राहिले की ही मंडळी घरदार पुढे ठेवतात. ठेवलेलं उचलता येत नाही. मग मी पिसते."

"आणि मला काय?"

"तुमचं बीळ."

काटेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कशाचीही तुलना न करता हो म्हटलं.

त्याच आठवड्यात हवेशीर बिळात दोन पिल्लं झाली. बारशाला टिटवी सोडून सगळे आले. तिला अंडी होती. काटेराव मावशीशेजारी रोज बसतात, आणि त्यांच्याइतकं अचूक जंगलात कुणी मोजत नाही, असं हत्तीसरही मानतात.

तात्पर्य: मोजणीची पद्धत कुठलीही निवडा, बाळांनो, सगळ्याच चांगल्या असतात. बसायची जागा मात्र पत्ते पिसणाऱ्याच्या शेजारी निवडा.