बापूंचं सहाचं सावधान

रोज सकाळी सहा वाजता बापू हवालदार गच्चीवर उभे राहून एकदाच ओरडत, ‘सावधान!’ कडेगावातली आमची गल्ली त्या आवाजावर चहा ठेवायची. समोर पलटण नसे. परड्यातली म्हैस तेवढी मान वर करी.

सैन्यात त्यांनी ट्रक चालवले. निवृत्तीनंतर एकटेच राहत. कोणी प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा दिला की पेला घेत आणि तुळशीत ओतत. ‘वाढवताय कशाला? इंजिन लय जोरात हाय माजं. ब्रेक न्हाई.’ तुळस दोनदा वाळली.

हा ब्रेक त्यांनी गल्लीत प्रत्येकाला समजावला होता. रोगाशी लढणारी काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, शरीरात एकमेकांना जागी करत जातात. त्यांना घट्ट धरून वेळेत थांबवणारं एक प्रथिन असतं. बापूंच्या रक्तात ते जन्मतःच कमी. शत्रू नसतानाही लढाई सुरू होई, रक्तवाहिन्या पाझरत, ओठ नाहीतर हात सुजत. खाज नाही, पुरळ नाही. सूज गळ्यात उतरली तर श्वास बंद. म्हणून सहाचं ओरडणं. आवाज साफ निघाला तर गळा मोकळा.

थोरल्या भावाचा गाल सुजला तेव्हा घरच्यांनी दाढदुखी समजून हळदीचा जाड लेप लावला. लेपाखाली सूज गळ्याकडे सरकली, ती कोणाला दिसली नाही. दवाखान्यात अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं दिली. या सुजेवर ती चालत नाहीत. भाऊ गेला तेव्हा लेप पुरता वाळलाही नव्हता.

रोग भावाच्या मुलीत, सुरेखात, उतरला. तिच्या सुपारीच्या बैठकीत गप्प बसा, असं तिच्या आईने, वहिनींनी, बापूंना बजावलं होतं. बापूंनी तिचा रक्ताचा रिपोर्ट ताटात सुपारीशेजारी ठेवला. ‘आदी हे वाचा, मग सुपारी फोडा.’ मुलाने वाचलं आणि हो म्हटलं. वहिनींनी मात्र बापूंशी बोलणं सोडलं.

सुरेखा सांगलीला नांदायला गेली. तिला दिवस गेल्यापासून बापू खांद्याला एक थंड पिशवी अडकवून हिंडू लागले. हवालदारांनी कुल्फी विकायला काढली, असं गल्ली म्हणे. आत एका कुपीत तेच ब्रेकचं प्रथिन होतं, टोचायचं. ‘एकच हाय, मागू नगा,’ बापू सांगत.

गेल्या वैशाखात एका सकाळी ओरडणं आलं नाही. मी वर गेलो. बापू पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. ओठ सुजलेले, हातात मोबाइल. त्यातून बाईचा आवाज येत होता, ‘काका, सावधान म्हना की. माजा गळा साफ हाय. तुमचा?’

ओरडणं गल्लीसाठी नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी पिशवीची चेन ओढली. बापूंनी माझं मनगट धरलं आणि फोनकडे बोट दाखवलं. सुरेखाला आठवा महिना होता. दुसरी कुपी यायला आठवडे लागत. गाडीत मी पुन्हा विचारलं. मान हलली, नाही. विटा गाव ओलांडलं तेव्हा श्वास थांबला होता. सांगलीत पिशवी त्यांच्या हातातून सोडवावी लागली.

वहिनी ती घेऊन लेकीकडे गेल्या. सुरेखाला मुलगी झाली. कुपी उघडावी लागली नाही.

आता सहा वाजता फोन घेऊन मी गच्चीवर जातो. ‘सावधान’ म्हणतो. पलीकडून ‘विश्राम’ येतं, साफ. परवा त्यामागून बाळाचं रडणं ऐकू आलं. सुरेखाने फोन लेकीच्या तोंडाशी धरला होता.

रडणं थांबेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.