दहा मिनिटांचे मोती

पाकिटावर ‘दहा मिनिटांत तयार’ असं लिहिलं होतं, म्हणून मी ते उचललं. बाकीचं काही वाचलं नाही. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं. मी बस डेपोत टाइमकीपर आहे. कुठली बस किती वाजता सुटली आणि किती वाजता आली ते वहीत लिहायचं, उशीर झाला असेल तर त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायची, हे काम मी एकोणीस वर्षं करतोय. ड्रायव्हर लोक मला ‘लालपेन्सिल’ म्हणतात. (तोंडावर ‘साहेब’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते एकदा खिडकी उघडी राहिली तेव्हा कळलं.)

“हे आहे काय?” मी दुकानदाराला विचारलं.

“पर्ल कूसकूस. गव्हाच्या पिठाच्या भाजलेल्या गोळ्या असतात. मोत्यांसारख्या दिसतात म्हणून पर्ल. लोण्यावर जरा परतायच्या, उकळतं पाणी घालायचं आणि झाकण ठेवून द्यायचं. दहा मिनिटं.”

“नक्की दहा?”

“अकरा झाली तर काय आकाश कोसळतंय, साहेब?”

मला त्याची कीव आली. अशा विचारांची माणसं ड्रायव्हर झाली की काय होतं ते मी रोज वहीत लिहितो.

आता मी हे पाकीट का शोधत होतो ते सांगतो, कारण गोष्ट जरा गंभीर होती. माझे सासरे चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्या आणि ते एकटे पडले. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ते एकतीस वर्षं मुख्य आचारी होते. रोज सहाशे माणसं त्यांच्या हातचं जेवायची. आणि आमच्याकडे आल्यापासून हा माणूस प्रत्येक जेवणाला मोजून तीन चमचे खायचा, “पोट भरलं” म्हणायचा आणि हॉलमधल्या खुर्चीत जाऊन बसायचा. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत त्यांनी चार महिन्यांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून झाली होती. बायको रोज काहीतरी वेगळं करायची, ते तीन चमचे खायचे, आणि मग ती नळ सोडून भांडी घासायची. भांडी कमी आणि नळ जास्त वेळ, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला ते बघवत नव्हतं.

बायको दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनिस्ट आहे. आठवड्यातून दोन दिवस तिची संध्याकाळची ड्यूटी असते. त्या दिवशी आम्ही दोघं पुरुष ब्रेड आणि अंडी खातो. म्हणजे मी खातो.

“आज मी स्वयंपाक करणार,” मी तिला फोनवर सांगितलं.

“कुणासाठी?”

“बाबांसाठी. आज ते पोटभर जेवतील, बघ तू.”

पलीकडे कुणीतरी ड्रिल चालवत होतं.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “नाही जेवले तर मनाला लावून घेऊ नका.” आणि मग हळूच, “पण जेवले तर मला लगेच फोन करा.”

त्या दुसऱ्या वाक्याने मी पेटलो.

सुरुवात चांगली झाली नाही. कात्री सापडेना म्हणून मी पाकीट दातांनी उघडलं. ते उघडलं नाही, फुटलं. निम्मे मोती पातेल्यात पडले आणि उरलेले ओट्यावरून उड्या मारत घरभर निघाले. काही फ्रिजखाली गेले. काही माझ्या चपलेत गेले. त्यातल्या एकावर माझा पाय पडला आणि मी ओट्यापासून दारापर्यंत एकही पाऊल न उचलता पोचलो.

“काय सांडलं?” हॉलमधून सासऱ्यांचा आवाज आला.

“काही नाही, बाबा.”

“काही नाही एवढा वेळ घरंगळत नाही, जावईबापू.”

पण पाकिटं मी दोन आणली होती. (सरकारी नोकरीत माणूस एवढं तरी शिकतो.) कांदा चिरला. गाजर चिरलं. बोट थोडक्यात वाचलं. लोण्यावर कांदा परतला, तो जरा काळाच झाला, पण मी त्याला ‘खमंग’ असं नाव दिलं. मोती टाकले. ते छान सोनेरी व्हायला लागले, भाजल्या गव्हाचा वास सुटला, आणि मला स्वतःविषयी आदर वाटू लागला. मीठ घातलं. मग मीठ घातलं का ते आठवेना, म्हणून घातलं. उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेआठ.

म्हणजे साडेसात.

इथे आमच्या घरातली एक व्यवस्था सांगायला हवी. डेपोतला मी आणि घरातला मी यांत फरक आहे. डेपोत मी दोन मिनिटांसाठी माणसाला लाल रेघ मारतो, आणि घरून स्वतः मात्र कधीच वेळेवर निघत नाही. म्हणून लग्नानंतर बायकोने हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं. महिन्याभरात मी मनातल्या मनात दहा वजा करायला शिकलो. मग तिने स्वयंपाकघरातलं पंधरा मिनिटं पुढे लावलं. मी पंधरा वजा करायला शिकलो. पाहुणे आमच्याकडे येऊन गोंधळतात, आम्ही नाही. झोपेतून उठवलं तरी मी कुठल्याही खोलीतला वेळ बरोबर सांगतो.

तेव्हा हिशोब सरळ होता. खरे साडेसात वाजलेत. खऱ्या सात चाळीसला पातेलं उतरवायचं. म्हणजे हॉलच्या घड्याळात सात पन्नास. झाकण ठेवून द्यायचं असं दुकानदाराने सांगितलेलं होतंच, त्यामुळे मी हॉलमध्ये जाऊन सासऱ्यांसमोर बसलो. घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. सारखा घड्याळाकडे बघतो तो प्रवासी.

“काय शिजतंय?” त्यांनी विचारलं.

“सरप्राइज.”

“हं.”

मी हवेविषयी बोललो. ते ‘हं’ म्हणाले. मी बसच्या टायरविषयी बोललो. ते काहीच म्हणाले नाहीत. मग घड्याळाकडे बघितलं तर सात सदतीस. मला आश्चर्य वाटलं. माझ्या हिशोबाने ही पातेलं चढवायच्या आधीची वेळ होती. पण गप्प बसणाऱ्या सासऱ्यांसमोर वेळ जात नाही हा प्रत्येक जावयाचा अनुभव आहे, पण तो मागेसुद्धा जातो हे मला नव्याने कळलं. हिशोब हिशोब असतो, तो मी बदलला नाही.

बरोब्बर सात पन्नासला मी उठलो, आत गेलो, झाकण काढलं.

मोती नव्हते. एकच मोती होता, पातेल्याएवढा. चमचा उभा केला, तर तो उभाच राहिला. मी पातेलं उलटं करून बघितलं. काहीही पडलं नाही.

मी तसाच, हातात उलटं पातेलं धरून, हॉलमध्ये आलो.

“बाबा, दहाच मिनिटं झाली ना?”

“वीस झाली.”

“शक्य नाही. हॉलचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे.”

“होतं,” ते म्हणाले. “आज सकाळी मी बरोबर लावलं.”

“का?”

“चुकीचं होतं.”

घरात पहिल्यांदाच एक घड्याळ बरोबर चालत होतं आणि त्यानेच माझा घात केला होता. मी परत आत गेलो आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. खरं सांगतो, मला रडू आलं होतं. बायको आल्यावर विचारणार, आणि मी सांगणार की आज तीन चमचेही नाहीत. चमचाच निघत नाहीये.

मग मला राग आला. मी मोठी सुरी घेतली, पातेल्याच्या कडेने फिरवली आणि तो गोळा बाहेर काढला. तव्यावर लोणी टाकलं, चांगलं भरपूर, आणि गोळा तव्यावर आपटून उलथन्याने दाबला. जाड चकती झाली. खालून चुरचुर आवाज यायला लागला. उलटायच्या वेळी मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चकती तव्यावरच होती आणि वरची बाजू तांबूस, कुरकुरीत झाली होती. वर लिंबू पिळलं, टोमॅटोच्या फोडी ठेवल्या, केकसारखे तुकडे कापले आणि दोन ताटल्या घेऊन बाहेर आलो.

सासऱ्यांनी ताटली हातात घेतली. एक चमचा खाल्ला. थांबले. भिंतीकडे बघितलं. दुसरा खाल्ला. कुरकुरीत कडा वेगळी तोडून खाल्ली. तिसरा. इथे चमचा खाली ठेवायची वेळ होती.

त्यांनी चौथा खाल्ला.

मग पाचवा. मग मी मोजणं सोडलं, जे मी आयुष्यात कधी केलेलं नाही. ताटली रिकामी झाली. ती माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “अजून आहे?”

मी अक्षरशः धावलो. (चपलेतला मोती टोचला, पण पर्वा कुणाला?) दुसरी ताटलीही संपली. मी बायकोला फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती तिथल्या कुणालातरी म्हणाली, “नाही हो, दाढ नाही दुखत. माझे बाबा जेवले.”

त्या रात्री मी राजासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी डेपोत मी सगळ्यांना कृती सांगितली. वीस मिनिटं उकळणं हीच त्यातली मेख आहे, दहा मिनिटं हे कच्च्या लोकांसाठी असतं, असं मी छातीठोकपणे सांगितलं. दिवसभरात एकालाही लाल रेघ मारली नाही.

संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात दिवा. आत सासरे. बायकोचा एप्रन त्यांनी बांधला होता, फ्रिज पुढे ओढून खालचे मोती झाडून काढले होते आणि ओट्यावर तीन पातेली एकदम चालू होती. भिंतीवरचं घड्याळही बरोबर झालं होतं. उंबरठ्याशी बायको उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला मी अशी शंभर पातेली जाळायला तयार आहे.

“बघितलंस?” मी तिच्या कानात म्हणालो. “माझ्या हातचं खाल्लं आणि माणूस उठून उभा राहिला. दोन ताटल्या.”

“हो,” ती म्हणाली. “मी विचारलं त्यांना, दुसरी का घेतली.”

“मग?”

“म्हणाले, पहिल्या ताटलीत पाचच चुका सापडल्या. सहावी कुठली ते कळत नव्हतं.”

“आणि कळली?”

“मीठ दोनदा.”

मी म्हटलं, कारण काहीही असो, जेवले की नाही? आणि खरंच, त्या दिवसापासून ते रोज जेवतात, आम्हालाही जेवू घालतात. पट्ट्याचं एक जुनं भोक परत वापरात आलंय. परवा त्यांनी तेच मोती केले, दाणा दाणा सुटा, आणि मी तीन ताटल्या खाल्ल्या. चुका शोधायला नाही.

फक्त एक फरक झालाय. एवढी वर्षं मी जावईबापू होतो, अहो-जाहो होतो. आता मी त्यांच्या हाताखाली आहे. रोज संध्याकाळी सात वाजता आतून हाक येते, “अरे ए, कांदे.” मी मनातल्या मनात पंधरा वजा करून निवांत जातो, जुनी सवय. आणि सासरे भिंतीवरच्या कॅलेंडरावर माझ्या नावापुढे वेळ लिहितात आणि खाली लाल रेघ मारतात.

पेन्सिल माझ्याच खिशातली आहे.