निरीक्षणापुरती नेमणूक

नोकरीसाठी अनुभव लागतो आणि अनुभवासाठी नोकरी लागते, ही गोष्ट धाकटीने घरच्यांना इतक्या वेळा समजावून सांगितली होती की शेवटी आईच ती शेजारणींना समजावून सांगू लागली. थोरली लग्न होऊन आपल्या घरी गेली होती. धाकटी पदवी घेऊन आपल्याच घरी बसली होती. मुलाखतीला गेली की समोरचे विचारत, "आधी कुठे काम केलंय?" ती म्हणे, "नाही." ते म्हणत, "मग करून या." जणू काम म्हणजे जेवण, आणि ते घरून उरकून यायचं असतं.

अशा परिस्थितीत लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने तिला इंटर्न म्हणून घेतलं. ही वार्ता घरात गांभीर्याने स्वीकारण्यात आली.

"पगार?" बाबांनी विचारलं. बाबा एका रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळत. आडवळणाने बोलायची त्यांना सवय नव्हती.

"पगार नाही. एक्सपोजर मिळतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे..." धाकटीने शब्द शोधला. "सगळ्या गोष्टींना सामोरं जायला मिळतं."

"उघड्यावर बसवणार आहेत का तुला?" आई म्हणाली. "स्वेटर घेऊन जा."

आत्या त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती म्हणाली, "अगं, फुकट राबायचंच असेल तर घरी काय कमी कामं आहेत?"

"घरच्या कामाचं सर्टिफिकेट मिळत नाही, आत्या."

आत्याने आख्खा संसार सर्टिफिकेटशिवाय रेटला होता. ती चहाचे कप उचलून आत घेऊन गेली.

कंपनीत मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी धाकटीचं स्वागत केलं. बाईंचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याला आपण आजारी असल्यासारखं वाटे. "इंटर्नला आम्ही कर्मचारी मानतच नाही," त्या मायेने म्हणाल्या. "कुटुंबातलाच समजतो. आता कुटुंबातल्या माणसाला कुणी पगार देतं का, तूच सांग."

धाकटीला हे पटलं. मग बाईंनी कंपनीची दोन धोरणं सांगितली. पहिलं, इंटर्नने कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, फक्त निरीक्षण करायचं. त्याचा विमा नसतो. दुसरं, कायम झालेल्या माणसाने स्वतःच्या हाताने काम करायचं नाही. त्यामुळे इंटर्नची शिकण्याची संधी हिरावली जाते.

"मग काम कोण करतं?" धाकटीने विचारलं.

"छान प्रश्न विचारतेस," बाई म्हणाल्या आणि तसं लिहूनही घेतलं.

तिला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळे काका म्हणत. काकांच्या केसांनी कपाळापासून माघार घ्यायला सुरुवात केली होती आणि आता मानेजवळ शेवटची तुकडी लढत होती. ती दोघं शेजारी बसली. दोघांच्याही खुर्च्यांना हात नव्हते. या कंपनीत माणूस कायम झाला की खुर्चीला हात बसवत.

"काका, तुम्ही इथे काय आहात?"

"इंटर्न."

"कधीपासून?"

"लिफ्टला जाळीचे दरवाजे होते तेव्हापासून," काका म्हणाले. "साहेब पुढच्या वर्षी नक्की बघू म्हणालेत. यंदा आवाजात थोडा फरक होता त्यांच्या."

पूर्वी कंपनीत उस्ताद नावाने ओळखला जाणारा एक मेकॅनिक होता, असं काकांनी सांगितलं. त्याला सगळं येत होतं. पण एकाच माणसाला सगळं येत असल्यामुळे चौघांची शिकायची जागा अडून राहिली आहे, हे बाईंच्या लक्षात आलं. चार इंटर्न घेतले आणि मग त्याला सन्मानाने निरोप दिला. त्या चौघांनी उस्तादला काम करताना पाहिलं होतं. पुढच्या चौघांनी या चौघांना पाहताना पाहिलं. काका पहिल्या चौघांतले, म्हणून त्यांना मान होता.

त्याच दुपारी दवाखान्यांच्या एका इमारतीतून फोन आला. एक गाणं शिकवणाऱ्या बाई दोन मजल्यांच्या मधे अडकल्या होत्या. काका आणि धाकटी तातडीने गेली. काकांनी दाराला कान लावला, मग डोळा लावला, मग चार पावलं मागे जाऊन मान तिरकी केली. धाकटीनेही मान तिरकी केली.

"काही करताय का?" आतून आवाज आला.

"बघतोय."

"मघापासून बघताय."

"आता जरा बारकाईने बघतोय."

बराच वेळ गेला. बाईंनी आत एक राग आळवायला घेतला. पहिल्याच तानेला लिफ्ट हादरली आणि आपणहून वर निघाली. काकांनी समाधानाने घाम पुसला आणि अहवालात नोंदवलं, "निरीक्षणाअंती सुरळीत."

धाकटी हुशार होती. थोड्याच दिवसांत तिला या धंद्याचं मर्म कळलं. बंद पडलेल्या बहुतेक लिफ्ट कंटाळून स्वतःच सुरू होतात. ज्या होत नाहीत त्यांच्यासाठी अग्निशमन दल असतं. दोन्ही सोयी फुकट आहेत. त्यामुळे कंपनीचा देखभालीचा दर गावात सर्वांत कमी होता आणि इमारतीमागून इमारती तिच्याकडे येत होत्या. रहिवाशांच्या सभेत एरवी पाण्याच्या टाकीवरून हातघाईवर येणारी माणसं या एका ठरावावर एकमताने हात वर करत.

धाकटी आधी इंटर्न होती, मग वरिष्ठ इंटर्न झाली, मग प्रमुख इंटर्न. फोन ती घ्यायची, कोणी कुठे बघायला जायचं ते ती ठरवायची, नव्या पोरांना मान कशी तिरकी करायची ते ती शिकवायची. काका आता तिच्या हाताखाली होते. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "तूही पुढे जाशील," ते म्हणाले, "आणि मग माझ्यासाठी एक शब्द टाकशील."

याच सुमारास एका संध्याकाळी बाबा वेळेआधी घरी आले. डबा न उघडता तसाच परत आणला होता. आईने तो हातात घेतला, वजनावरून ओळखलं आणि ओट्यावर ठेवला. बाबांनीच सांगितलं.

"माझ्या जागी तिघं घेतलेत. इंटर्न. चांगली पोरं आहेत, पटकन शिकली."

"कुणी शिकवलं?" आईने विचारलं.

"मीच की. दुसरं कोण शिकवणार?"

धाकटी ताटावर बसली होती. तिने मान खाली घातली आणि घास चावत राहिली. तो घास बराच वेळ संपेना.

बाबा नोकरी शोधू लागले. पण आयुष्यभर एकच गोदाम सांभाळलेल्या माणसाकडे पाहून लोक संकोचत. "इतका अनुभव आम्हाला पेलायचा नाही," असं एकाने हात जोडून सांगितलं. दुसऱ्याने सुचवलं की नव्या क्षेत्रात नव्याने सुरुवात करावी, कुठेतरी इंटर्नशिप मिळते का बघावं, वय हा नुसता आकडा असतो. तो सांगणारा स्वतः बराच लहान आकडा होता.

महिनाभर बाबा सकाळी नेहमीच्या वेळी तयार होऊन खिडकीशी बसत. मग धाकटीने मनुष्यबळ विभागाच्या बाईंकडे शब्द टाकला. काकांसाठी नाही, बाबांसाठी.

पहिल्या दिवशी बापलेक बरोबर निघाली. कोपऱ्यावर धाकटी थांबली.

"बाबा, एक सांगू? ऑफिसात मला मॅडम म्हणावं लागेल. सगळेच म्हणतात."

"म्हणेन की. त्यात काय."

"आणि हात नाही लावायचा कशालाच. तुम्हाला सवय आहे, काही दिसलं की नीट करायची."

"नाही लावणार," बाबा म्हणाले. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "तू कायम कधी होणार?"

"या महिन्यात होईल म्हणतात."

"हो बाई लवकर. घरात एकाचा तरी पगार आला पाहिजे."

ऑफिसात बाबांना काकांच्या शेजारची खुर्ची मिळाली. खुर्चीला हात नसल्यामुळे स्वतःचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले, परक्याच्या घरी वाट पाहत बसल्यासारखे. धाकटी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." बोलताना तिने खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

तिला कायम करण्याचा दिवस ठरला. साहेब आणि मनुष्यबळ विभागाच्या बाई नियुक्तीपत्र घेऊन वरच्या मजल्यावर येणार होते. कंपनीत कायम अशी हीच दोन माणसं होती. दोघं लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट वरच्या मजल्याला जेमतेम पोचता पोचता थांबली. कंपनीच्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल अर्थातच कंपनीकडे होती.

तक्रारीचा फोन वाजला. धाकटीने उचलला.

"आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. इमारतीचं नाव सांगा."

"अगं, मी बोलतोय."

"आपण कोण?"

"साहेब. तुझ्या मागे बघ."

धाकटीने मागे बघितलं. ऑफिसच्या उघड्या दारातून समोर जिन्यापाशी लिफ्ट दिसत होती, तिचं दार वीतभर उघडं होतं. फटीत, फरशीच्या पातळीला, साहेबांचा चेहरा आणि त्याच्या बाजूला बाईंचा अंबाडा दिसत होता. सगळे इंटर्न धावले. मोठं अर्धवर्तुळ करून उभे राहिले आणि शिकवल्याप्रमाणे त्यांनी माना तिरक्या केल्या.

"बघत काय राहिलात?" साहेब म्हणाले. "काहीतरी करा."

कोणालाच काही करता येत नव्हतं. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की उस्ताद अशा वेळी वरच्या खोलीत जात, पण तिथे जाऊन ते काय करत हे दिसलं नाही, कारण दार ते लावून घेत. मग उस्तादला फोन लावला. तो एका बेकरीत इंटर्न म्हणून लागला होता. "आज नाही जमणार," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा भट्टीला हात लावू देणार आहेत. सुट्टी घेतली तर परत सुरुवातीपासून."

आत उकाडा वाढू लागला. साहेबांनी टाय सैल केला आणि त्यांची नजर धाकटीवर पडली.

"तू प्रमुख आहेस ना? तू कर."

"मला निरीक्षणापुरताच अधिकार आहे, सर. माझा विमा नाही." ती फटीपाशी खाली बसली. "कायम असते तर गोष्ट वेगळी."

आत कुजबुज झाली. मग बाईंचा आवाज आला, अजूनही मायेचा, पण किंचित घोगरा. "पत्र तयारच आहे, सर. तुमची सही राहिलीय."

साहेबांनी बाईंच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. पत्र फटीतून बाहेर आलं. इंटर्न लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत बाबा होते, त्यांनी सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवल्या.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "आता उघड."

धाकटीने पत्र वाचलं, घडी घातली. "सर, कायम माणसाने स्वतःच्या हाताने काम करायचं नाही. इंटर्नची संधी जाते."



"बरोबर आहे तिचं," बाई म्हणाल्या. "धोरणच आहे तसं."

धाकटी उभी राहिली. काका तिच्याकडे आशेने पाहत होते. पण तिची नजर बाबांवर गेली. जोखमीचं काम नव्या माणसाला द्यायचं, हे तिनेच लावलेलं वळण होतं.

"जरा बघता का?" ती म्हणाली. बाबा म्हणायचं राहून गेलं.

बाबा पुढे झाले. गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले आणि फटीतून आत पाहू लागले.

"काय दिसतंय?"

"साहेबांच्या एका बुटाची नाडी सुटलीय, मॅडम."

"आणखी?"

"दाराची कडी वाकलीय बहुतेक. सरळ करून बघू का?"

धाकटीने हातातल्या पत्राची घडी आणखी घट्ट केली. "नको," ती म्हणाली. "नुसतं लिहून ठेवा."

शेवटी अग्निशमन दल आलं. त्यांनी लोखंडी कांब घातली आणि दार उचकटलं. साहेब बाहेर आले, पाणी प्यायले आणि जमलेल्या मंडळींना त्यांनी छोटंसं भाषण केलं. संकटात एकानेही शिस्त मोडली नाही, एकानेही दाराला हात लावला नाही, याचा त्यांना अभिमान वाटला. दलाच्या जवानांना बाईंनी एक दिवसाच्या इंटर्नशिपची सर्टिफिकेटं दिली. त्याच संध्याकाळी एक सुतार आला आणि त्याने धाकटीच्या खुर्चीला हात बसवले.

घरी आईने दार उघडलं. "झालं का काम?"

"मॅडम कायम झाल्या," बाबा म्हणाले. त्यांनी चेष्टेने म्हटलं की कसं, हे धाकटीला कळलं नाही. त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून घरातही त्यांना तोच शब्द सोपा वाटू लागला. आईने एकदोनदा टोकलं. मग तीही थांबली.

आता बाबा एकटे फिरतात. रोज वेगवेगळ्या इमारतींत जातात, लिफ्टचं निरीक्षण करतात, सगळं ठीक असल्याचं लिहितात. परवा एका इमारतीत तिथले एक गृहस्थ लिफ्टमध्ये शिरले. बाबा आत उभे राहून छताकडे बघत होते.

"नवीन दिसता," गृहस्थ म्हणाले. "पूर्वी दुसरीच कंपनी होती आमच्याकडे. फार पैसे घ्यायची. मीच ठराव मांडून बदलली. येतं ना तुम्हाला काम?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. "शिकतोय," ते म्हणाले.

"वा. या वयात शिकताय, कौतुक आहे." गृहस्थांनी बाबांच्या खांद्यावर थोपटलं. बाबा अदबीने बाहेर पडले, दार लागलं आणि लिफ्ट वर गेली.

ते गृहस्थ कोण होते, हे बाबांनी विचारलं नाही. ते एवढंच सांगतात की त्यांच्या हातात वाचायला अशीच एखादी गोष्ट होती आणि ते चांगले हसतमुख होते. तुमच्याकडे लिफ्ट बघायला हल्ली कोण येतं?