एका शब्दात तीन पेशंट

एकच गोष्ट दोनदा टाइप करायची म्हटली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून तर मी लिस्पच्या प्रेमात पडलो! प्रोग्रामिंगच्या या भाषेत मॅक्रो नावाची झकास सोय आहे. आपण लिहायचा एक छोटा शब्द, कॉम्प्युटर त्याच्या जागी आपण ठरवलेली लांबलचक आज्ञा घालतो.

ताईने नोकरी सोडून दातांचा दवाखाना काढला आणि पहिल्याच दिवशी अकरा पेशंट! ते बिथरले तर परत कोण फिरकणार?

"रांग माझ्यावर सोड," मी छाती फुगवून म्हणालो.

'पेशंट' या शब्दाच्या जागी मी 'रांगेतून पुढचं नाव काढ' ही आज्ञा बसवली. मग प्रोग्राममध्ये तो शब्द फक्त तीनदा लिहिला: पेशंटला हाक मार, पेशंटची फाइल उघड, शेवटी पेशंटला धन्यवादाचा मेसेज पाठव. झालं!

पहिली हाक शिंपीणबाईंना गेली. ताईने स्क्रीनवरची फाइल वाचली. "खालची दाढ काढायची ना?"

"अगं बाई! मी दात साफ करायला आलेय!" बाई खुर्चीतून उडाल्याच. फाइल रांगेतल्या पुढच्या पैलवानाची होती.

बाईंचं काम उरकलं आणि बाहेर गाल सुजलेल्या हेडमास्तरांचा फोन वाजला. 'उपचार पूर्ण झाले, धन्यवाद!'

"कसले उपचार? मी अजून 'आ'सुद्धा केला नाही!" मास्तर कडाडले.

"आणि माझा नंबर कुठाय?" पैलवान उठला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शब्द तीनदा आला, म्हणून इमानी कॉम्प्युटरने नावंही तीन काढली! लोक चपला शोधायला लागले. ताई दारात आली, डोळे भरलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा सगळे!" मास्तर गरजले. सगळे बसले. मीसुद्धा!

मास्तरांनी वहीचा कागद फाडून प्रत्येकाच्या नावाची एकेक चिठ्ठी लिहिली आणि रांग हातात घेतली. मी मान खाली घालून कोड उसवत बसलो. तासाभरात ताईच्या हसण्याचा आवाज यायला लागला. एकही पेशंट रागावून गेला नव्हता, उलट दोघांनी पुढची वेळ घेतली होती!

"सापडलं, मास्तर!" मी ओरडलो. "नाव एकदाच काढायचं, धरून ठेवायचं आणि तिन्ही ठिकाणी तेच वापरायचं!"

मास्तरांनी पैलवानाची चिठ्ठी माझ्यासमोर धरली. हाक मारली, फाइल दिली, निरोप दिला, अशा तीन खुणा तिच्यावर होत्या.

"मग मी मघापासून दुसरं काय करतोय?"