लिओची वाळू

लिओ बोट दाखवत नाही, ओठ दाखवतो. दुकान कुठं म्हणून विचारलं, की ओठ पुढं काढून त्या दिशेला वळवणार. तो नवाहो, इथला मूळ आदिवासी; त्यांच्यात कुणाकडं बोट रोखणं वाईट. मला पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्याची दाढ दुखते.

माझा मुलगा अमेरिकेत, न्यू मेक्सिकोत दवाखान्यात कामाला, म्हणून मी इथं. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. वाकडं मला खपत नाही. लिओ शेजारी. त्याचं इंग्रजी कमी, माझं त्याहून कमी, त्यामुळं भांडण आटोपशीर होतं.

तो रंगीत वाळूची चित्रं फळीवर चिकटवून विकतो. चिमटीतून अशी रेघ सोडतो, की ओळंबा लाजावा. तरी एका देवाच्या डोक्यावर बाकीच्यांपेक्षा एक पीस कमी मी पकडलं. म्हटलं, चुकलास.

"चुकवलंय," तो म्हणाला. "बरोबर काढलं तर देव येतात. विकायच्या चित्रात त्यांना कशाला बोलवू?"

मला ती सबब वाटली. मी महिनाभर अबोला धरला. त्याला ते कळलंच नाही. तो एरवीही गप्पच असायचा.

मग त्याची बायको एल्सी दवाखान्यातून आली ती अंथरुणालाच खिळली. घास घेईना. गोळ्या चालूच होत्या. लिओनं त्यांचे मंत्र गाणारे बाबाही बोलावले. मला ओठांनीच खुणावलं, आत ये.

लाकडामातीच्या गोल घरात सकाळपासून पाच जण जमिनीवर वाळू सोडत होते. मी कडेला बसून पिसं मोजली, रेघा जोखल्या. एक चूक सापडेना. दुसऱ्याच्या कामात असं माझं कधी झालं नव्हतं.

चित्र पुरं झालं, तसं एल्सीला धरून आणलं आणि थेट त्याच्यावर बसवलं. बाबा गात गात चित्रातल्या देवांना हात लावायचे, तोच हात तिच्या अंगाला लावायचे. मग सगळं पुसून टाकलं. माझ्या तोंडून "अरे" निघालंच.

लिओ म्हणाला, "तिचं दुखणं वाळूत उतरलंय. ते घरात ठेवतोस?"

वाळू घोंगडीत भरून तो बाहेर टाकायला गेला तो बराच वेळ येईना. इकडं एल्सीनं मटणाचा रस्सा मागितला. सांगायला मीच गेलो. तो पाठमोरा उभा होता, रिकामी घोंगडी छातीशी धरून.

म्हटलं, "एल्सी रस्सा मागतेय."

तो वळला नाही. म्हणाला, "मीठ कमी घाला म्हणावं. तिला तसाच लागतो."