बावीस नंबरचा प्रवासी

जावई घरात शिरले तेव्हा सासूबाई तेहेतीस हजार फुटांवर होत्या.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कानांवर हेडफोन चढवून त्या बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर ढग, हातात दांडा, पायांशी दोन पेडल. हे सगळं खरं म्हणजे मुलाने स्वतःसाठी आणलं होतं, ऑफिसचा ताण कमी व्हावा म्हणून. दोन आठवड्यांत सात विमानं समुद्रात बुडवून त्याचा ताण इतका वाढला की त्याने दांड्याला हात लावणं सोडलं. मग एका दुपारी आईने नुसती धूळ पुसायला म्हणून फडकं घेतलं, आणि त्यानंतर ती जागा आईची झाली.

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. अख्खी इमारत त्यांना 'बाई' म्हणायची. आयुष्यात खऱ्या विमानात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं, पण नकाशा तोंडपाठ. या खेळात एक 'करिअर' नावाचा प्रकार होता. शिकाऊ म्हणून लागायचं, मालाची विमानं न्यायची, मग छोटी प्रवासी विमानं, आणि शेवटी परीक्षा देऊन मोठ्या विमानाचं कॅप्टन व्हायचं. बाई रीतसर नोकरीला लागल्यासारख्या रोज दहा ते एक उडत आणि रविवारी सुट्टी घेत.

गाडी अडली होती ती कॅप्टनच्या परीक्षेत. विमान उडवणं बाईंना जमत होतं, माणसं सांभाळणं जमत नव्हतं. पहिल्या खेपेला एका प्रवाशाच्या पोटात दुखू लागलं. एकतीस वर्षांत बाईंनी गृहपाठाच्या दिवशी दुखणारी इतकी पोटं पाहिली होती की त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या माणसाचं अपेंडिक्स फुटलं आणि बाई नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी कानाला खडा लावला आणि एका मुलीचा घोळणा फुटला म्हणून विमान जे उतरवलं ते थेट परक्या देशात. एकशे साठ प्रवाशांची पुढची विमानं चुकली. निकालात प्रवाशांचं समाधान नऊ टक्के आलं.

आज तिसरी खेप होती. परीक्षेत मध्येच थांबता येत नाही, थांबलं की नापास. म्हणून खास शनिवारी, मुलगा-सून खरेदीला बाहेर पडल्यावर, बाईंनी उड्डाण घेतलं होतं. हेडफोनमुळे बेल ऐकू येत नाही म्हणून सून जाताना दार नुसतं लोटून गेली होती.

त्या लोटलेल्या दारातून जावई आत आले. विमा कंपनीत सर्व्हेअर असलेला हा गृहस्थ. दुसऱ्यांच्या नुकसानीची पाहणी करण्यात अर्धं आयुष्य गेल्यामुळे, आपलंही काहीतरी नुकसान आतल्या आत चालू असणार याची त्यांना कायम खात्री असे. लिफ्ट बंद होती, त्यामुळे चार मजले चढून आले होते. डाव्या हातात जड बॅग होती.

"आई, मी आलोय," ते दारातूनच म्हणाले.

बाईंना कोणीतरी आल्याची चाहूल लागली. सून परत आली असेल, असं समजून त्यांनी मागे न बघता डावा पंजा वर केला. थांब, या अर्थाने. जावयांनी तो 'बसा' असा घेतला आणि सोफ्यावर बसले. सासूबाई काहीतरी खेळतात एवढं त्यांना ठाऊक होतं. आपण आल्यावर खेळ थांबला असेल, हे त्यांनी गृहीत धरलं. मग 'काय झालं?' असं कोणीतरी विचारावं म्हणून त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला.

नेमकं त्याच वेळी पडद्यावर पिवळी चौकट उमटली. हवाई सुंदरीचा निरोप होता.

बाईंना एक खोड होती. समोर लिहिलेलं काहीही त्या मोठ्याने वाचत आणि लगेच सोपं करून सांगत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. त्यात कानांवर हेडफोन असला की आवाज आणखी चढे.

"पुरुष. वय बेचाळीस," बाई म्हणाल्या. "अस्वस्थ वाटतंय. छातीत जड जड झालंय."

जावई दचकले. त्यांना गेल्याच महिन्यात बेचाळीस पूर्ण झाली होती. पण ते तर अजून एक अक्षर बोलले नव्हते! त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला. जड होतं खरं.

"दम लागलाय?" बाईंनी विचारलं.

"लागलाय," जावई म्हणाले.

"घाम?"

जावयांनी कपाळ पुसलं. "आलाय की हो!"

"डावा हात दुखतोय का?"

बॅग उचलून चार मजले आणल्यावर कोणाचा दुखणार नाही? पण जावयांना बॅग आठवली नाही. त्यांना फक्त हात आठवला. "आई गं!" ते म्हणाले, आणि या वेळी ते सासूबाईंना उद्देशून नव्हतं.

पडद्यावर चार पर्याय होते आणि घड्याळ पळत होतं. "खरं दुखतंय की सोंग आहे?" बाई पुटपुटल्या, पण त्यांचं पुटपुटणंही जिन्यापर्यंत जायचं.

"सोंग कशाला करू? खरंच दुखतंय हो!" जावयांचा आवाज कापरा झाला.

"ठीक आहे. आडवं करा. पाय उंचावर. गळ्याचं बटण काढा."

जावई सोफ्यावर आडवे झाले. सोफ्याच्या हातावर पाय चढवले आणि गडबडीत एक बटण काढायचं ते दोन तोडली. सासूबाई मागे वळूनही बघत नाहीत, याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे, असा त्यांनी हिशेब केला. गंभीर प्रसंगी मोठी माणसं अशीच शांत राहतात, हे त्यांनी कुठेसं वाचलं होतं.

"कोणी डॉक्टर आहेत का, विचारा," बाई म्हणाल्या.

समोरच्याच दारावर डॉक्टरांची पाटी होती. जावयांनी पडल्या पडल्या हाक मारली. "डॉक्टर! अहो डॉक्टर!"

समोरचे डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून धावत आले. ते त्वचेचे डॉक्टर होते. छातीच्या आत काय चालतं याच्याशी त्यांचा संबंध कॉलेज सुटल्यापासून सुटला होता. त्यांनी सवयीने आधी जावयांच्या कोपराची कातडी बघितली, मग भानावर येऊन नाडी धरली.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं.

"सहा मिनिटं झाली," उत्तर कोपऱ्यातून आलं.

डॉक्टर चपापले. अशी मिनिटं मोजून सांगणारे नातेवाईक त्यांना आजवर भेटले नव्हते. "मला वाटतं, अशा वेळी..." ते आठवू लागले.

"ॲस्पिरिन," बाई म्हणाल्या. "चावून खायला द्या. ॲलर्जी आहे का, ते आधी विचारा."

"हो हो, तेच म्हणणार होतो," डॉक्टर म्हणाले. तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखा त्यांना घाम फुटला. त्यांनी ॲलर्जीचं विचारलं, घरून गोळी आणली, जावयांनी ती डोळे मिटून चावली.

"आता प्रश्न असा, की पुढे जायचं की नाही," बाई स्वतःशीच बोलू लागल्या. "पुढे न्यावं तर वाटेत काही झालं, तर कोण निस्तरणार? मोठं ठिकाण लांब आहे. जवळात जवळचं गाठलेलं बरं. सोयी असल्या म्हणजे झालं."

"कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात आहेत सोयी," डॉक्टर अदबीने म्हणाले.

"ठरलं तर. खाली अँब्युलन्स तयार ठेवायला सांगा. मी उतरवते."

"अहो बाई, तुम्ही कशाला उतरवता!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "त्यांची माणसं येतात ना स्ट्रेचर घेऊन." आणि त्यांनी फोन लावला. एक फोन अँब्युलन्सला, एक बाईंच्या मुलाला आणि घाबरलेल्या जावयांनी नंबर सांगितला म्हणून एक त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंच्या मुलीला.

अँब्युलन्सची माणसं नऊ मिनिटांत आली. दोघंही नवीन होती, आणि घरात कोणाचं ऐकायचं हे त्यांना आवाजावरून लगेच कळलं. त्यांनी जावयांना पट्ट्यांनी बांधलं, बॅग पायांशी ठेवली आणि स्ट्रेचर उचललं.

"वेग कमी," कोपऱ्यातून हुकूम आला.

ती दोघं हळू झाली.

"उजवीकडे. अजून थोडं उजवीकडे. हां, आता सरळ. नाक वर ठेवा."

पुढच्याने स्ट्रेचरची पुढची बाजू उचलली. जावयांचं नाक छताच्या दिशेने गेलं. दाराची चौकट केसभर अंतराने चुकली.

"आता सावकाश खाली," बाई म्हणाल्या. "घाई करायची नाही. आपटलं तर मी ऐकून घेणार नाही."

चार मजले त्यांनी स्ट्रेचर असं उतरवलं की जावयांच्या पोटातलं पाणी हललं नाही. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली, माणसं हळहळली. खाली अँब्युलन्सचं दार लागलं, आणि वर बाईंनी विमान धावपट्टीला असं टेकवलं, की एकाही प्रवाशाची झोप मोडली नाही.

बाईंनी श्वास रोखून निकाल उघडला. 'बावीस नंबरच्या प्रवाशाला पित्ताचा त्रास होता. विमान वळवण्याची गरज नव्हती. प्रसंगाचे गांभीर्य ओळखण्याची क्षमता: असमाधानकारक. नापास.'

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर आदळला आणि त्या वळल्या. सोफ्याच्या उश्या जमिनीवर होत्या. गालिच्यावर दोन बटणं आणि गोळीचं रिकामं पाकीट पडलं होतं. दार सताड उघडं होतं. सुनेला इतका पसारा करायची सवय नव्हती. अर्ध्या तासाने, पसारा आवरून होतो न होतो तोच मोबाईल थरथरला. मुलाचा फोन होता.

"आई, आम्ही हॉस्पिटलात पोचलोय. दाजी ठीक आहेत."

"दाजींना काय झालं?"

"अगं, काय झालं काय? तूच तर त्यांना हॉस्पिटलात पाठवलंस!"

"मी?" बाई म्हणाल्या. "कधी?"

बाई हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा जावई पलंगावर उशीला टेकून बसले होते. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. हृदय ठणठणीत होतं. सकाळपासून उपाशी, त्यात चार कप काळा चहा, वर चार मजले. पित्त उसळलं होतं, बाकी काही नाही. शेजारी मुलगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी त्यांचा हात धरून बसली होती.

"वेळेवर गोळी, वेळेवर हालचाल, चुकीचं एकही पाऊल नाही," तिथले मोठे डॉक्टर बाईंना म्हणाले. "पित्त निघालं हे नशीब. पण नसतं निघालं तर तुमच्यामुळेच वाचले असते. प्रसंगाचं गांभीर्य ओळखायला नजर लागते."

बाईंना एका दिवसात एकाच गोष्टीचे दोन निकाल मिळाले होते. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी तुमच्याशी बोलतच नव्हते. तुम्ही आलात हेच मला माहीत नव्हतं. मी विमानात होते."

जावयांनी डोळे भरून त्यांच्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "बघ. श्रेय घ्यायचं म्हटलं तर कसं अंग चोरतात."

"पण मी खरंच सांगते..."

"असू दे हो, बाई," त्वचेचे डॉक्टर मध्येच म्हणाले. ते अजून गेले नव्हते. आपण हृदयाचा रुग्ण हाताळला, हे त्यांनाही सोडवत नव्हतं.

मुलीने डोळे पुसले आणि कपडे शोधायला बॅग उघडली. आत चार शर्ट, दाढीचं सामान, लॅपटॉप आणि उशीचा अभ्रा होता. तिने एकेक वस्तू बाहेर काढली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "छातीत दुखायच्या आधीच बॅग भरली होतीत?"

जावयांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "सकाळी तू म्हणालीस ना," ते अभ्र्याकडे बघत म्हणाले, "की माझं तोंड बघायचं नाही. मग निघालो. माझे आई-वडील परगावी. इथे दुसरं कोण आहे माझं?"

"म्हणून रुसून माझ्या माहेरी आलात?"

जावयांनी मान डोलावली. मुलीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्यांना दोन्ही येत होतं, आणि वर्गासमोर दोन्ही करायचं नाही हा त्यांचा नियम होता.

त्यानंतर बाईंचं उडणं अवघड झालं. इमारतीतली माणसं सहज म्हणून येत आणि बाईंच्या पाठीमागे सोफ्यावर बसून राहत. बाई काही बोलल्या की ती लगेच छातीला, पोटाला, गुडघ्याला हात लावून बघत. बाईंनी वादळ आल्याचं वाचलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रक्तदाब मोजून घेतला. जावई तर दर शनिवारी बायकोला घेऊन येऊ लागले. ती आत भावजयीशी गप्पा मारत बसे, आणि हे बाईंच्या मागे हाताची घडी घालून बसत.

अशाच एका शनिवारी बाईंनी चौथ्यांदा परीक्षा दिली. दोन तास सुरळीत गेले. मग पिवळी चौकट आली.

"नऊ नंबर. पुरुष," बाई वाचू लागल्या. "अस्वस्थ. जेवायला नको म्हणतोय. दोनदा सुस्कारा सोडला. छातीत जड वाटतंय म्हणतो."

हेडफोन एका कानावरून सरकला होता. विमान वळवलं तर एक चूक, न वळवलं तर दुसरी. बाईंचा हात बटणावर घुटमळला.

"आई," मागून जावई हळूच म्हणाले, "त्याला काही झालेलं नाही. कोणाला तरी त्याच्या शेजारी बसवा आणि विचारा, घरी काय झालं. तेवढंच करा."

पर्यायांत सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, तसा एक पर्याय होता. बाईंनी तो तीनही खेपांना वाचला होता आणि वेळकाढूपणा म्हणून सोडून दिला होता. आज त्यांनी तो दाबला. मिनिटभराने चौकट हिरवी झाली. नऊ नंबरने जेवण मागवलं.

विमान ठरल्या जागी, ठरल्या वेळी उतरलं. पडद्यावर कॅप्टनची टोपी झळकली. बाई खुर्चीसकट वळल्या आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयांकडे नीट पाहिलं.

"इतक्या लांबून तुम्ही कसं ओळखलंत?"

"चेहऱ्यावरून," जावई म्हणाले.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्या प्रवाशाला चेहरा नव्हता. नुसता आकडा होता. उठून त्यांनी आतल्या दाराशी जाऊन मुलीला हाक मारली. "बाहेर ये जरा. तुझा नवरा एकटा बसलाय."